ड्रोन नंतर बघू, आधी निदेशकांच्या वयाचा तक्ता काढा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"आमच्या शिक्षण संस्थेची गडहिंग्लज परिसरात खाजगी आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर आणि मोटर मेकॅनिक हे दोन वर्षांचे आणि वेल्डर, कोपा (संगणकाचा अभ्यासक्रम) हे एक वर्षाचे असे पाच ट्रेड चालतात. इलेक्ट्रिशियन दर वर्षी भरतो. फिटरच्या २० जागांवर गेल्या वर्षी ११ प्रवेश झाले, मोटर मेकॅनिकला तर ९. संचालक मंडळाने पुढच्या दहा वर्षांचा विकास आराखडा करायचा ठरवला आणि एका सल्लागाराकडून ८० पानांचा 'व्हिजन २०३५' करून घेतला. त्यात ड्रोन, रोबोटिक्स, इलेक्ट्रिक वाहन आणि सोलर असे चार नवे ट्रेड आणि तीन मजली इमारत आहे. एक माजी विद्यार्थी ४० लाख रुपये देणगी द्यायला तयार आहे. इमारतीला आईचे नाव द्यावे एवढीच त्याची इच्छा आहे. काही संचालक मात्र म्हणतात की आयटीआय बंद करून इंग्रजी शाळा काढू. आराखड्याची सुरुवात नेमकी कुठून करावी?"
— सचिव, कोल्हापूर जिल्हा

सचिवसाहेब,

ती ८० पाने कपाटात ठेवा आणि एक कोरी वही घ्या. सल्लागाराने चुकीचे लिहिले असेल असे नाही, पण त्याने सुरुवात नव्या ट्रेडच्या यादीने केली आहे. आयटीआयचा आराखडा तिथून सुरू केला की पुढचे सगळे त्या यादीच्या मागे फरफटत जाते. आयटीआय चालते ती तुकडीवर. एका तुकडीमागे एक वर्कशॉप असते, एक-दोन निदेशक (ट्रेड शिकवणारे शिक्षक) असतात, वीज आणि कच्चा माल लागतो, आणि दुसऱ्या टोकाला त्या तुकडीतून बाहेर पडून कामाला लागणारी मुले असतात. पाचही ट्रेडचा हा हिशेब दहा वर्षांसाठी मांडलात की निम्मा आराखडा तयार झाला. नवा ट्रेड घ्यायचा की नाही, हे त्या हिशेबातूनच कळते.

प्रत्येक ट्रेडसाठी एक पान करा. डावीकडे गेली पाच वर्षे, वर सहा रकाने: मंजूर जागा, प्रवेश, दुसऱ्या वर्षाला आलेले, अखिल भारतीय परीक्षेला बसलेले, पास झालेले, आणि पास होऊन एक वर्षाने त्याच ट्रेडच्या कामावर असलेले. शेवटचा रकाना भरायला फोन करावे लागतील. दोन निदेशक आणि एक कारकून यांनी रोज १५ फोन केले तर पाच वर्षांची यादी दोन महिन्यांत संपते. 'कामावर' हा शब्द मात्र सैल सोडू नका. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप), सरकारी योजनेतले काही महिन्यांचे विद्यावेतन, कंत्राटदाराकडची नोकरी, कंपनीची कायम नोकरी आणि स्वतःचा धंदा यांचे आकडे वेगवेगळे लिहा. सगळे एकत्र करून '९० टक्के प्लेसमेंट' लिहिले की माहितीपत्रक छान दिसते, आराखड्याला मात्र त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

या तक्त्यात गळती कुठे आहे ते बघा. समजा फिटरला १६ मुले आली, दुसऱ्या वर्षाला १२ उरली, ११ पास झाली आणि वर्षाने ४ फिटरच्या कामावर आहेत. इथे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्या वर्षानंतर चार मुले का गेली? बहुतेक वेळा कारण एसटीच्या वेळापत्रकात, घरच्या शेतीत किंवा वर्षभर फाइल घासून कंटाळा आल्यात असते. आणि पास होऊनही सात जण फिटर का झाले नाहीत? त्याचे कारण वर्कशॉपमध्ये किंवा बाजारात असते. दोन्हींवर 'जाहिरात वाढवा' हा एकच उपाय चालत नाही. एसटीची अडचण निघाली तर जूनच्या आत आगार व्यवस्थापकांना गावनिहाय मुलांच्या यादीसकट पत्र द्या. सकाळची एक फेरी अर्धा तास अलीकडे आली तर एका तुकडीची हजेरी सुधारते. मुलींसाठी हे दुप्पट लागू आहे. परतीची शेवटची गाडी आणि वर्कशॉपजवळचे स्वच्छ स्वच्छतागृह या दोन गोष्टी नसतील तर ३० टक्के जागा मुलींना राखून काही हाती लागत नाही.

दुसरे पान मुलांच्या संख्येचे. २०३० साली तुमच्याकडे येऊ शकणारी मुले आज कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटावर आहेत. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून यूडायसचे (शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीचे) आकडे मागा: २० किलोमीटरच्या आतल्या सर्व शाळांतला पाचवी ते दहावीचा पट, वर्गनिहाय. पाचवीचा पट दहावीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी असेल तर पाच वर्षांनी तुमच्या प्रवेशाचे तळेच तेवढे आटलेले असेल. तीन मजली इमारतीचा निर्णय या आकड्याआधी घेणे म्हणजे विहिरीत पाणी किती ते न बघता पाच अश्वशक्तीचा पंप आणणे.

आता निदेशकांकडे या. आयटीआयचा आराखडा सर्वांत जास्त वेळा इथेच कोसळतो.

एक तक्ता काढा: निदेशकाचे नाव, ट्रेड, वय, निवृत्तीचे वर्ष, पदवी-पदविका की आयटीआय, सीआयटीएस (निदेशकांचे सरकारी प्रशिक्षण) झाले आहे की नाही, आणि संस्थेत फक्त त्यालाच येते असे काम कोणते. केंद्राच्या अभ्यासक्रमातच लिहिलेले आहे की दोन तुकड्यांमागचे दोन निदेशक असतील तर एक पदवी किंवा पदविकाधारक हवा आणि दुसरा आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राचा. निदेशक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोघांकडेही हवे. खाजगी संस्थांत पगार तुटपुंजे, त्यामुळे चांगला निदेशक ऑक्टोबरमध्ये कंपनीत निघून जातो आणि मार्चपर्यंत ती तुकडी दुसऱ्या ट्रेडचा निदेशक 'सांभाळतो'. मुले हे लगेच ओळखतात. पुढच्या जूनमध्ये गावातल्या धाकट्या भावंडांना तेच सांगतात. तुमच्या फिटरचे ११ प्रवेश तपासताना गेल्या पाच वर्षांत त्या तुकडीला किती निदेशक बदलले हेही लिहा. दोन्ही आकडे एकत्र खाली आलेले दिसण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून दहा वर्षांच्या आराखड्यात पहिली ओळ अशी असावी: दर वर्षी एका निदेशकाला पगारी रजा देऊन सीआयटीएसला पाठवायचे. ते एक वर्षाचे प्रशिक्षण आहे. मुंबईच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होते. त्या बदल्यात परतल्यावर तीन वर्षे थांबण्याचा करार करा, पण करारावर भिस्त ठेवू नका. पगारातली दरी थोडी भरा. शिवाय प्रत्येक महागड्या यंत्रासाठी दोन माणसे शिकलेली हवीत. सीएनसी (संगणकावर चालणारे कातकामाचे यंत्र) येणारा एकच निदेशक असतो, तो सोडून जातो, आणि लाखो रुपयांचे मशीन ताडपत्रीखाली जाते. असे होऊ नये म्हणून खरेदीच्या ठरावातच दुसऱ्या माणसाचे नाव आणि त्याच्या प्रशिक्षणाची तारीख लिहा. ते नाव नसेल तर खरेदी पुढे ढकला.

यंत्रे आणि कच्चा माल. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास आहेत: ८४० प्रात्यक्षिकाचे आणि, पहिल्या वर्षी, २४० थिअरीचे, १२० रोजगारक्षमता कौशल्यांचे. म्हणजे ७० टक्के वेळ मूल वर्कशॉपमध्ये असते. परीक्षेतही प्रात्यक्षिकाला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३ पुरतात. तरीही संस्थांच्या अंदाजपत्रकात कच्चा माल हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत आधी कापले जाणारे खाते असते.

वेल्डरचे उदाहरण घेऊ. सरावाची एक पट्टी १५० × ५० × १० मिलिमीटरची धरा. ती साधारण ५९० ग्रॅम भरते, जोडी सुमारे १ किलो १८० ग्रॅम. २० मुलांना एकेक जोडी म्हणजे २३.६ किलो. वर्षभरात २५ प्रकारचे जोड आणि प्रत्येक जोड हातात बसेपर्यंत किमान तीन वेळा, असा हिशेब केला तर १,७७० किलो लोखंड लागते. ६० रुपये किलो धरले तर एक लाखाच्या वर, शिवाय इलेक्ट्रोड, गॅस, ग्राइंडिंग व्हील आणि वीज. यातले अर्धेच पैसे दिले की मूल एक जोड एकदाच मारते आणि वर्षभर दुसऱ्याचे वेल्डिंग काचेतून बघते. मग कारखान्यातल्या चाचणीत त्याचा ओव्हरहेड (डोक्यावर मारायचा) जोड गळतो आणि सुपरवायझर म्हणतो, आयटीआयची मुले नकोत. कोल्हापूर पट्ट्यात यावर सोपी वाट आहे. फाउंड्र्यांना (ओतकामाच्या कारखान्यांना) भट्टीसाठी लोखंडी भंगार लागतेच. तुमच्या वापरलेल्या पट्ट्या त्यांनी घ्याव्यात आणि एखाद्या फॅब्रिकेशन कारखान्याने कापणीतून उरलेले तुकडे मापात कापून द्यावेत, असा वर्षाचा लेखी करार करा. जोड पुन्हा कापून पट्टीची दुसरी कड वापरली तर माल आणखी वाचतो. कचऱ्यातले कुठलेही लोखंड मात्र आणू नका. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केले तर जस्ताच्या धुराने मुलांना ताप भरतो.

यंत्रांसाठी बदली निधी. प्रत्येक गटाची आजची किंमत भागिले उरलेले नव्हे, पूर्ण आयुष्य, एवढी रक्कम दर वर्षी वेगळ्या खात्यात जायला हवी. तुमच्यासारख्या संस्थेचा ढोबळ नमुना देतो. आकडे तुम्ही तुमचे घाला. कोपाचे संगणक ९ लाख ६० हजारांचे, आयुष्य ६ वर्षे: वर्षाला १ लाख ६० हजार. वेल्डिंग संच ३ लाख ६० हजारांचे, ८ वर्षे: ४५ हजार. इलेक्ट्रिशियनची मोटार, पॅनेल, मीटर १२ लाखांची, १५ वर्षे: ८० हजार. फिटरचे वर्कशॉप १५ लाखांचे, २५ वर्षे: ६० हजार. मोटर मेकॅनिकची इंजिने, उचलसाधने, स्कॅनर १० लाखांचे, १० वर्षे: १ लाख. बेरीज ४ लाख ४५ हजार. पटावर १७० मुले धरली तर माणशी सुमारे २,६०० रुपये. एवढे बाजूला पडत नसतील तर संस्था हळूहळू आपली यंत्रे खाऊन जगते आहे, आणि ताळेबंदात ते दिसत नाही. एका अनुदानात सगळी यंत्रे एकाच मार्चमध्ये घेण्याचा मोहही टाळा. ती सगळी एकाच वर्षी म्हातारी होतात.

वीज. वेल्डरच्या एका तुकडीलाच अभ्यासक्रमात १६ किलोवॅटची गरज दाखवलेली आहे. तुमच्या महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा आणि पाचही ट्रेडची बेरीज त्याच्या शेजारी लिहा. बेरीज जास्त निघाली तर नव्या यंत्राचा विचार करण्याआधी भारवाढीचा अर्ज करा. अर्थिंगची चाचणी दर वर्षी पावसाळ्याआधी करा. सीएनसी किंवा संगणकीकृत यंत्राची ड्राइव्ह कार्डे जळण्याचे सर्वांत सामान्य कारण खराब अर्थिंग आणि दाबातले चढउतार हेच असते. छतावर २० किलोवॅटचे सोलर बसवायचे असेल तर साधारण २०० चौरस मीटर सावली नसलेले छत लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ८० युनिट मिळतात. तुमच्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर बरेच कमी. पण इलेक्ट्रिशियनच्या मुलांना ते बसवताना हाताखाली घेतले तर तीच त्यांची प्रयोगशाळा होते. सोलरचा स्वतंत्र ट्रेड घेण्याआधी हे करून बघा.

आता बाजार. 'उद्योगांना कोणती कौशल्ये हवीत' अशी प्रश्नावली मेलवर पाठवू नका. उत्तरात 'चांगली वृत्ती आणि संवादकौशल्य' एवढेच येईल. १५ ते २० ठिकाणी माणूस पाठवा आणि एचआरला नव्हे, शिफ्ट सुपरवायझरला विचारा. गेल्या १२ महिन्यांत आयटीआयची किती मुले घेतली? पहिल्या महिन्याचा हातात पडणारा पगार किती? तीन महिन्यांच्या आत किती सोडून गेली आणि का? सीएनसी यंत्रावर कंट्रोल कुठल्या कंपनीचा, फॅनुक की सीमेन्स? मुलाला ड्रॉइंग दिले तर टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) वाचता येतो का? व्हर्नियर आणि मायक्रोमीटर नीट लावतो का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे ऐकून तुमच्या फिटरच्या अभ्यासात काय कमी पडते ते तिथेच उलगडेल.

तुमच्या भागाची मागणी चार दिशांना आहे आणि त्या चार वेगळ्या लिहाव्यात. कागल-हातकणंगले, गोकुळ शिरगाव, शिरोली या पट्ट्यातल्या फाउंड्र्या आणि त्यांना जोडलेली मशीन शॉप्स (ओतलेले भाग यंत्रावर मापात आणणारे कारखाने) ही पहिली. परिसरातले साखर कारखाने ही दुसरी. आंबोलीचा घाट उतरून गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीकडे जाणारी मुले ही तिसरी. तिथे औषध कारखान्यांना इलेक्ट्रिशियन आणि देखभालीचे फिटर लागतात. आणि गावातली कामे ही चौथी: पंप, वायरिंग, ट्रॅक्टर, आजरा-चंदगडचे काजू कारखाने. अनेक आराखड्यांत फक्त मोठ्या कंपन्या दिसतात. प्रत्यक्षात तुमच्या इलेक्ट्रिशियनच्या मुलांपैकी किती स्वतःचा मोटार रिवाइंडिंगचा किंवा वायरिंगचा धंदा करतात ते तक्त्यात बघा. ती संख्या मोठी निघाली तर अंदाजपत्रक आणि बिल लिहिणे हे त्यांच्या शिकण्यात आणावे लागेल.

साखर कारखान्यांचे वेळापत्रक तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. गाळप संपले की उन्हाळ्यात देखभालीचे काम सुरू होते: मिलचे रोलर उतरतात, गिअरबॉक्स उघडतात, पंप सुटे होतात. अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तास प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण किंवा गट प्रकल्प आहे. दिवसाला सहा तास धरले तर २५ दिवस. पहिल्या वर्षाच्या फिटरना मे महिन्यात हे २५ दिवस तिथे द्या. वर्षभर फाइल घासून कंटाळलेल्या मुलाला बेअरिंग खेचून काढायला मिळाले की दुसऱ्या वर्षाला तो येतो. कराराची कलमे मात्र आधी ठरवा: विमा, सेफ्टी शूज आणि हेल्मेट कुणी द्यायचे, पालकांची संमती, दहा मुलांमागे तुमचा एक निदेशक, आणि टाकीच्या किंवा बॉयलरच्या आत मुलांना उतरवायचे नाही. हे शेवटचे कलम कुठल्याही परिस्थितीत सोडू नका.

मालकांशी बोलताना शिकाऊ उमेदवार कायद्याचा हिशेब खिशात ठेवा. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला कामगारसंख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. १२० माणसांची फाउंड्री असेल तर किमान ३ आणि कमाल १८. शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, दरमहा १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र देते. लहान मालकाला याची ऑनलाइन नोंदणी जमत नाही म्हणून तो टाळतो. तुमच्या कार्यालयातल्या एका माणसाने दहा कारखान्यांची नोंदणी करून दिली तर दर वर्षी ३०-४० जागा तुमच्या मुलांसाठी उघडतात. सगळ्या आराखड्यात एवढ्या कमी खर्चात एवढे देणारे दुसरे काम नाही.

नव्या ट्रेडसाठी तीन चाळण्या लावा. किमान पाच मालक मिळून दर वर्षी त्या ट्रेडची २० मुले घेतील असे लेखी देतात का? दोन निदेशक आजच नावानिशी दिसतात का? पहिल्या खरेदीनंतर पाच वर्षांचा माल, दुरुस्ती आणि सॉफ्टवेअरचा खर्च कुठून येणार? ड्रोन तुमच्याकडे पहिल्याच चाळणीत अडकेल असे आम्हाला वाटते. फवारणीचे ड्रोन येत आहेत, पण ती कामे हंगामी आहेत आणि ती शिकवायला काही आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरतो. रोबोटिक्स दुसऱ्या आणि तिसऱ्या चाळणीत. इलेक्ट्रिक वाहनाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो टाळता येणार नाही. तुमचा मोटर मेकॅनिक रिकामा राहण्याचे एक कारण हेच की गावातल्या मुलाला पुढे इलेक्ट्रिक गाड्या येणार हे दिसते आहे. पण म्हणून लगेच नवा ट्रेड नको. आधी मोटर मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांसाठी मिळून दुचाकी आणि ई-रिक्षा दुरुस्तीचा तीन महिन्यांचा संध्याकाळचा वर्ग काढा. दुचाकींच्या बॅटऱ्या बहुधा ४८ ते ७२ व्होल्टच्या असतात. चारचाकीत हाच आकडा ३००-४०० व्होल्टच्या घरात जातो आणि तिथे इन्सुलेटेड हातमोजे, अवजारे, वीज तोडून कुलूप लावण्याची शिस्त यांवाचून मुलांचा जीव धोक्यात येतो. दोन वर्षे दुचाकीवर हात बसला, वर्ग भरला, निदेशक तयार झाले की मग दोन वर्षांच्या ट्रेडच्या संलग्नतेचा अर्ज करा. जागा, यंत्रे, भार, निदेशक, अर्ज, तपासणी हे सगळे धरून प्रत्यक्ष प्रवेशाच्या आधी १८ महिने हातात ठेवा.

सल्लागाराच्या यादीत नसलेला एक ट्रेड मात्र गंभीरपणे तपासा: मशिनिस्ट. ओतीव सुटे भाग शेवटी मशीन शॉपमध्ये जातातच. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड लागत नाही, त्यामुळे त्यावर जगणाऱ्या शॉप्सचे काम पुढे घटेल. ब्रेक ड्रम, हब, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग राहतील. मालकांना भेटताना 'तुमच्या कामापैकी किती इंजिनाचे?' हेही विचारा. मशिनिस्टची यंत्रे महाग आहेत, म्हणून पायाचे काम तुमच्याकडे आणि सीएनसीचे काम कारखान्यात, अशी ड्युअल सिस्टमची जोडी जमते का ते बघा. सीएनसी स्वतः घ्यायचे ठरलेच तर पुढचे एक वर्ष निदेशकांना एखाद्या शॉपमध्ये दर शनिवारी पाठवून मगच घ्या.

शेजारच्या सरकारी आयटीआयकडेही लक्ष द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या पीएम-सेतू योजनेत देशातल्या १,००० सरकारी आयटीआयचे नूतनीकरण व्हायचे आहे, २०० केंद्रे आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था अशा रचनेत, पाच वर्षांत ६० हजार कोटींचा आराखडा धरून. हा पैसा तुमच्यासाठी नाही. पण तुमच्या टप्प्यातली एखादी सरकारी संस्था त्यात आली तर कमी फीमध्ये नवी यंत्रे दिसतील आणि तेच ट्रेड चालवणाऱ्या खाजगी संस्थेचे प्रवेश ओढले जातील. म्हणून तिथल्या प्राचार्यांना आताच भेटा, कोणते ट्रेड वाढणार ते विचारा, आणि तुमच्या आराखड्यात त्यांची पुनरावृत्ती टाळा. संध्याकाळचे वर्ग, गावाजवळची जागा आणि मालकांशी घरोबा हे तुमचे बळ आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. सरकारकडून मिळणारी फी प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येते असे गृहीत धरून सहा महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी तीन वर्षांत उभी करा. बदली निधीला हात लावून पगार करायचे नाहीत, असा ठराव करा. वर्कशॉप संध्याकाळी रिकामे असते. तीन महिन्यांचे शुल्क घेऊन चालणारे वर्ग त्यातून चालवा आणि मिळकतीचा ठरलेला हिस्सा निदेशकाला द्या.

आराखडा लिहाल तेव्हा १२ ते १५ पानांत लिहा. पहिली तीन वर्षे पक्की, तारीख आणि जबाबदार माणसाच्या नावासकट; पुढची चार ढोबळ; शेवटची तीन फक्त दिशा. दर जानेवारीत, म्हणजे प्रवेशाच्या हंगामाआधी, एक दिवस बसून तीन वर्षांचा भाग पुढे सरकवा. आणि थांबण्याचे नियम आजच लिहून ठेवा, कारण तुकडी रिकामी पडल्यावर प्रत्येकाला कुणाची तरी दया येते. उदाहरणार्थ: मोटर मेकॅनिकला सलग दोन वर्षे १२ पेक्षा कमी प्रवेश झाले, तर तिसऱ्या वर्षी ती तुकडी बंद करून तिचे वर्कशॉप इलेक्ट्रिक वाहनाच्या वर्गाला द्यायचे, आणि निदेशकाला त्याआधीच त्याचे प्रशिक्षण द्यायचे. असा नियम आधी असला की माणूस बळी जात नाही.

फिटर मात्र घाईने बंद करू नका. देखभालीचा फिटर साखर कारखान्यापासून औषध कारखान्यापर्यंत सगळीकडे लागतो. दहावी आणि दोन वर्षांची आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, हे पालकांना बहुधा माहीतच नसते. फेब्रुवारीत दहावीच्या पालकांना वर्कशॉपमध्ये बोलवा, तुमच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यातली चार मुले आणि त्यांचे आई-वडील समोर बसवा. इंग्रजी शाळेचा विषय काढणाऱ्या संचालकांनाही त्याच दिवशी बोलवा, आणि यूडायसचा पाचवीचा पट त्यांच्या हातात द्या. पट घटणार असेल तर तो शाळेलाही तेवढाच लागू आहे.

राहिली देणगी. त्या गृहस्थांना इमारत नको असे सांगू नका; कशावर नाव लागेल ते मोकळेपणाने सांगा. ४० लाखांत आमची मांडणी अशी असेल: ८ लाख भारवाढ, अर्थिंग आणि वर्कशॉपच्या छताची दुरुस्ती, १२ लाख तीन निदेशकांच्या सीआयटीएसच्या वर्षांचा पगार आणि त्यांच्या जागी बदली माणसे, ५ लाख इलेक्ट्रिक दुचाकींच्या वर्गाची साधने, १५ लाख मुदत ठेवीत, ज्याच्या व्याजातून दर वर्षी वेल्डरचे लोखंड येईल. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला १ लाख ५ हजार, म्हणजे वर काढलेला १,७७० किलोचा हिशेब जवळपास पूर्ण भागतो. वेल्डिंग वर्कशॉपच्या दारावर त्यांच्या आईचे नाव लावा, आणि दर जुलैमध्ये त्या वर्षीच्या २० मुलांची नावे आणि वर्षभरात वापरलेले लोखंड किती किलो, एवढे एक पत्र त्यांना पाठवत जा.